'कुटुंबवत्सल अभियंता' या शब्दांचा अर्थ

कोणतीही स्मरणिका उघडली की कालकथित माजी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांखाली 'कुटुंबवत्सल व कर्तव्यदक्ष अभियंता' असे शब्द आढळतात. आदरांजली म्हणून ते उचितच आहेत. मात्र पदवी, हुद्दा आणि निवृत्तीचे वर्ष नोंदवून आपण थांबतो. तो अभियंता व्हावा म्हणून घरात कोणी काय सोसले आणि त्याने आपली विद्या पुढे कोणाला दिली, हे अलिखितच राहते. माझ्या मते खरे स्मरण तेच होय.

कुटुंबवत्सलतेचा आदर्श शोधण्यासाठी आपल्याला मंडणगड तालुक्याबाहेर जावे लागत नाही. आंबडवे हे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात भांडारपालाची नोकरी केली. १८९६ च्या सुमारास भीमाबाईंचे निधन झाले. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी मुंबई गाठली. परळच्या चाळीतील एका खोलीत भीमराव लवकर झोपत आणि वडील रात्री दोनपर्यंत जागे राहून त्यांना अभ्यासाला उठवीत. पुस्तकासाठी पैसे नसले की विवाहित मुलींचे दागिने गहाण पडत. निवृत्तिवेतन हाती आले की ते सोडविले जात. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले आणि त्याच वर्षी मुलगा कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते यश पाहणे पित्याच्या वाट्याला आले नाही.

या घराची थोरवी एकट्या रामजींची नव्हे. दागिने काढून देणाऱ्या मुलींची ती होती. शिक्षण सोडून नोकरी धरणाऱ्या आनंदरावांचीही होती. पुढे बाबासाहेब परदेशी शिकत असता दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाईंनी विपन्नावस्थेत संसार सांभाळला आणि अपत्यांचे मृत्यू सोसले. म्हणून कुटुंबवत्सल पुरुषाचा गौरव करताना त्याची आई, बहीण, भाऊ आणि पत्नी यांची नावे छायाचित्राखाली आलीच पाहिजेत. ती गाळणे म्हणजे अर्धा इतिहास पुसणे होय.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आई-वडिलांची जी कर्तव्ये सांगितली, त्यांत अपत्याला शिल्प, म्हणजे उपजीविकेची विद्या शिकविणे हेही आहे. रामजींनी ते पाळले. त्या विद्येचे बाबासाहेबांनी काय केले? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. ते स्वतः अभियंते नव्हते. तरीही दामोदर, महानदी व सोन या नद्यांच्या खोऱ्यांच्या बहुउद्देशीय विकासाला त्यांनी दिशा दिली. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ मध्ये आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वसुरी असलेली संस्था स्थापन झाली. आंबडव्याच्या त्या घराने दिलेले ज्ञान एका घरापुरते राहिले नाही.

आपले अभियंते मात्र अनेकदा घरापाशीच थांबतात. नोकरी, शहरात सदनिका, मुलांचे उच्च शिक्षण, हे सारे कष्टाने मिळविलेले असते आणि त्यात गैर काही नाही. पण मंडणगडावर दर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावस्त्यांवरच्या मायबहिणी हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. कातळावरून वाहून जाणारे पाणी अडविण्याची विद्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांपाशी आहे. वर्षातील आठ दिवस त्यांनी गावाच्या विहिरीला व बंधाऱ्याला द्यावेत. वसतिगृहातील मुलामुलींना गणित शिकवावे.

निवासी शाळेतला प्रत्येक विद्यार्थी कोणाच्या तरी जागरणावर शिकतो. 'कुटुंबवत्सल' या शब्दातील कुटुंब उंबरठ्याबाहेर, वस्तीपर्यंत पोहोचले, तर ते जागरण सार्थकी लागेल. जय भीम!