झोपेचा हक्क आणि वसुलीचे उद्दिष्ट

उत्तर प्रदेशातील झाशी येथे सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस एका खासगी वित्तपुरवठा कंपनीतील क्षेत्रीय व्यवस्थापकाने आत्महत्या केली. कर्जवसुलीच्या उद्दिष्टासाठी वरिष्ठांकडून येणारा दबाव त्याने पत्रात लिहून ठेवला होता. त्याच पत्रात, आपण पंचेचाळीस दिवस झोपलेलो नाही, असेही त्याने नमूद केले होते. आत्महत्येमागे सहसा एकच एक कारण नसते आणि या घटनेतील जबाबदारी ठरविणे हे तपासयंत्रणेचे काम आहे. मात्र निद्रानाशाची ही तक्रार एका व्यक्तीपुरती राहिलेली नाही.

बुंदेलखंडातील शेती बव्हंशी पावसाच्या भरवशावर चालते. पीक हातचे गेले की कर्जाचा हप्ता थकतो. विदर्भ आणि मराठवाड्यातील वाचकाला हे निराळे सांगावयास नको. थकलेल्या हप्त्याची झळ प्रथम शेतकऱ्याला लागते आणि त्यानंतर त्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या वसुली कर्मचाऱ्याला. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची निदान चर्चा तरी होते. या दुसऱ्या माणसाचा विचार क्वचितच केला जातो. पाऊस त्याच्या हाती नसतो, परंतु महिनाअखेरचा आकडा त्याच्या नावावर लागतो. मग दिवसाचे काम संपले तरी रात्री दूरध्वनी सुरू राहतात.

प्रौढ व्यक्तीला रोज किमान सात तास झोप आवश्यक असल्याचे निद्राविकारतज्ज्ञांचे मत आहे. झोपेत रक्तदाब उतरतो आणि हृदयाला विसावा मिळतो. हा विसावा दीर्घकाळ हिरावला गेल्यास उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आणि नैराश्य यांचा धोका वाढतो. सलग सतरा ते एकोणीस तास जागे राहिलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. भारतात वाहनचालकासाठी ही मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहा-अकराला दुचाकीवरून घरी परतणारा कर्मचारी मद्याचा थेंबही न घेता त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत असू शकतो. त्याला अडविणारी तपासणी कुठल्याच नाक्यावर नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अंदाजानुसार, अतिदीर्घ कामाच्या तासांशी निगडित पक्षाघात व हृदयविकारामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. आठवड्यास ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक आढळला. भारतात मात्र याच काळात आठवड्यास ७० तास आणि पुढे ९० तास काम करावे, अशी मते नामवंत उद्योजकांनी जाहीरपणे मांडली. पुण्यातील एका २६ वर्षीय सनदी लेखापाल तरुणीच्या जुलै २०२४ मधील मृत्यूनंतर तिच्या आईने लिहिलेल्या पत्राने या वादाला धार आली होती.

कायदा झोपेकडे पूर्ण डोळेझाक करतो, असेही नाही. रामलीला मैदान प्रकरणी २०१२ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने झोपेला जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानले. सक्तवसुली संचालनालयाने एका ज्येष्ठ नागरिकाचा रात्रभर जबाब नोंदविल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये, झोप ही माणसाची मूलभूत गरज असून ती हिरावणे हे मानवी हक्काचे उल्लंघन आहे, असे स्पष्ट केले. वैमानिकांचा साप्ताहिक विश्रांतिकाळ २०२५ मध्ये ३६ वरून ४८ तासांवर नेण्यात आला. रात्रीच्या उड्डाणांवरील नवे निर्बंध लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि तिला काही तरतुदींतून तात्पुरती सूट द्यावी लागली. विश्रांतीचा हिशेब किती ओढूनताणून बसविलेला होता, हे त्यातून उघड झाले.

संशयिताच्या झोपेला न्यायालयाचे संरक्षण लाभले आणि वैमानिकाच्या झोपेला प्रवाशांच्या जिवाचे. नोकरदाराची झोप गेल्यास बाहेरच्या कोणाचा जीव लगेच धोक्यात येताना दिसत नाही, म्हणूनच ती कोणाच्या नोंदीत येत नसावी. त्यातही पदाची अडचण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत कामगारासाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे. परंतु व्यवस्थापकीय काम करणारे आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक कामगाराच्या व्याख्येत बसत नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही व्यवस्थापकीय पदांना सूट आहे. वित्तपुरवठा, विमा आणि विक्री या क्षेत्रांत ‘व्यवस्थापक’ हे पद किती मुक्तहस्ताने वाटले जाते, हे सर्वश्रुत आहे. बढतीबरोबर वेतन थोडे वाढते, आणि कामाच्या तासांवरचे बंधन मात्र सुटते. ज्या कर्मचाऱ्यांना बंधन लागू आहे, त्यांची दैनंदिन मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली.

कामाच्या वेळेबाहेर दूरध्वनी किंवा संदेशाला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असे अशासकीय विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले. फ्रान्समध्ये अशी तरतूद २०१७ पासून आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांत यापूर्वीचे अशासकीय विधेयक संमत झाले ते १९७० मध्ये.

मानसिक ताण किंवा दीर्घकाळचा निद्रानाश जाणवत असल्यास केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन उपलब्ध आहे. मराठीतूनही बोलता येते.