वस्तुचित्राचे पाच शनिवार

वाचकहो, आपल्या घरी चित्रकलेच्या वर्गाला जाणारे मूल असेल, तर ते परत आल्यावर आपण पहिला प्रश्न कोणता विचारता? मी विचारीत असे, "झाले का चित्र पुरे?" हा प्रश्न किती अवेळी होता, हे कळावयास मला पाच शनिवार लागले आणि त्यापायी एका चांगल्या कागदाचे नुकसानही झाले.

माझे शिक्षण महाराष्ट्रात झाले. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत स्थिरचित्राला तीन तास मिळत. घंटा झाली की कागद हातचा जाई. वस्तू मांडून काढावयाचे चित्र एका बैठकीत उरकावयाचे असते, हा समज तेव्हापासून मनात बसलेला. म्हैसूरला आल्यावर माझी अकरा वर्षांची मुलगी शनिवारच्या वर्गाला जाऊ लागली. वर्ग एका घराच्या माडीवर भरतो. शिकविणाऱ्या वयस्कर गृहस्थांना सारेजण 'मेष्ट्रू' म्हणतात. त्यांनी पाटावर पितळी तांब्या, शेंडीचा नारळ, दोन केळी आणि घडी मोडलेला पंचा मांडला आणि हे चित्र पाच शनिवार चालेल, असे सांगून टाकले.

पहिल्या शनिवारी मुलगी चार फिकट रेघा घेऊन घरी आली. एक डोळा मिटून, हात ताठ लांब करून पेन्सिलीने मापे घ्यावयाची, नारळाच्या उंचीला तांब्या किती पट उंच ते पाहावयाचे आणि सगळा समूह कागदावर कोठे बसतो एवढेच ठरवावयाचे. केळी मात्र त्याच दिवशी नीट रेखून घ्यावयाची, कारण तांब्या थांबतो, केळी थांबत नाहीत. पुढच्या शनिवारी ती काळी पडलेली होतीच.

दुसरा शनिवार सगळा तांब्याच्या तोंडात गेला. तोंड वाटोळे आहे हे मुलाला ठाऊक असते, म्हणून ते तोंड फार उघडे काढते. तांब्या सपाट पाटावर टेकला आहे हेही ठाऊक असते, म्हणून बुडाशी सरळ रेघ ओढते. डोळ्याला दिसतात ती दोन्हीकडे लंबवर्तुळे. आणि बूड दृष्टीच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे त्याचे लंबवर्तुळ रुंदीच्या मानाने अधिक फुगीर. तांब्या काचेचा असल्याप्रमाणे पलीकडची, न दिसणारी कडही मेष्ट्रू काढावयास लावतात. आपणही घरातील एखादी वाटी डोळ्यांसमोर आडवी धरून हळूहळू खाली न्यावी. आधी एक रेघ, मग बारीक फट, मग उघडत जाणारे तोंड दिसते. मी इतकी वर्षे आमटी जेवलो, पण हे कधी पाहिले नव्हते.

तिसऱ्या खेपेस छाया आली. खिडकी एकच, डाव्या हाताला. तांब्यावरील सर्वांत तेजस्वी ठिपका काढावयाचा नसतो. तेथे कागद कोरा राखावयाचा असतो, आणि पितळेची गंमत अशी की त्या ठिपक्याला लागूनच गडद पट्टा असतो. सावलीच्या बाजूस पंचावरून उसळलेला उजेड पुन्हा अंधुक दिसतो. उजेड सरकला की छाया सरकतात, म्हणून ठरलेल्या वेळेपलीकडे कोणी पेन्सिल चालवावयाची नाही.

चौथ्या शनिवारी चित्र जवळजवळ पुरे दिसले. एकच उणीव मला खटकली. तांब्याची उजवी कड मधेच नाहीशी होऊन मागच्या सावलीत मिसळली होती. मला वाटले, राहून गेली. रात्री मुलगी झोपल्यावर मी तिच्या डब्यातील सहा बी पेन्सिल घेतली आणि ती कड ठसठशीत ओढून दिली. खरे सांगावयाचे तर मला त्या वेळी बरेच समाधान वाटले.

सकाळी तिने कागद पाहिला. ती काही बोलली नाही. खोडरबर घेऊन बसली. रेघ कागदात रुतली होती. चोळता चोळता तंतू वर आले आणि तेथे एक खरखरीत डाग उरला.

त्याच दुपारी मी तिला जगन्मोहन राजवाड्यात नेले. १८६१ साली बांधलेल्या या वाड्यात १९१५ पासून चित्रसंग्रह आहे. तेथील हातात दिवा घेतलेली स्त्री अनेकजण रविवर्म्यांची समजतात; पण रविवर्मे १९०६ सालीच निवर्तले होते. ते जलरंगचित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, १९४५-४६ च्या सुमारास काढलेले. ज्योतीवर आडव्या धरलेल्या हाताची बोटे आतून लालसर उजळलेली आहेत. दिव्यापासून दूर जाताना साडीच्या चुण्या मंदावत जातात. जलरंगात उजेड म्हणजे मुख्यतः राखलेला कागदच. मी बराच वेळ त्या चुण्यांच्या कडा शोधीत उभा होतो.

"बाबा, ही कोण?" मुलीने विचारले. सकाळपासूनचे तिचे पहिले वाक्य.

"चित्रकाराची मुलगी, गीता. वडिलांसाठी ती अशी दिवा धरून उभी राहिली."

"मग त्यांनी तिला हलू नको म्हणून सांगितले असेल," ती म्हणाली, आणि पुन्हा बोटांकडे पाहू लागली.

पाचव्या शनिवारी मी तिच्याबरोबर माडीवर गेलो आणि मेष्ट्रूंना माझा पराक्रम सांगितला. त्यांनी कागद तिरपा करून उजेडात धरला. चोळलेल्या जागी शिसे जास्त धरते आणि डाग काळा पडतो, तेव्हा तेथे पेन्सिल टेकवावयाची नाही. आजूबाजूची सावलीच थोडी गडद करून त्याच्याशी जुळवून घ्यावयाची, असे त्यांनी तिला दाखविले. माझ्याशी ते फक्त कॉफी घेणार का, एवढेच बोलले.

चित्र आता आमच्या भिंतीवर आहे. समोरून डाग दिसत नाही. दिव्याखाली बाजूने पाहिल्यास दिसतो. नव्या चित्राला दोन शनिवार झाले. त्यात एक कंदील आहे, असे मुलीने सांगितले. कागद मात्र ती घरी आणीत नाही. मेष्ट्रूंच्या कपाटात ठेवून येते.