मुक्त आज्ञावलींच्या माहितीपुस्तिका आणि संहिताशुद्धीचा प्रश्न

मुद्रितशोधन हे ग्रंथव्यवहारातील दुय्यम, काहीसे यांत्रिक काम होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ आहे. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर येते. मुद्रिते तपासणाऱ्याचा उल्लेख झालाच तर प्रस्तावनेच्या अखेरीस, आभारांच्या ओघात होतो. संगणकाच्या क्षेत्रातही हीच समजूत शिरली आहे. ज्यांची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, बदलता व वाटता येते अशा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांतील चुका दुरुस्त करणे हे नवशिक्यांचे, हात बसविण्यापुरते काम मानले जाते. आज्ञावली लिहिणारा तो निर्माता आणि तिच्या पुस्तिकेतील वाक्य नीट करणारा तो मदतनीस, अशी ही उतरंड आहे. ती चुकीची आहे. आणि ती का चुकीची आहे हे सांगण्याची साधने संगणकशास्त्रापेक्षा पाठचिकित्सेपाशी अधिक आहेत.

माहितीपुस्तिका ही एका विशिष्ट प्रकारची संहिता आहे. कवितेतील मुद्रणदोष रसिक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. माहितीपुस्तिकेतील दोष वाचक दुरुस्त करीत नाही, तो आचरणात आणतो. 'ही आज्ञा देण्यापूर्वी प्रत काढून ठेवण्याची गरज आहे' या वाक्यात 'आहे'च्या जागी 'नाही' पडले, तर कोणाचे तरी वर्षभराचे काम क्षणात नाहीसे होऊ शकते. अशा ठिकाणी शुद्धलेखन, वाक्यरचना आणि आशय यांची फारकत करताच येत नाही.

या क्षेत्राच्या आरंभकाळात ही जाणीव होती. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तीत आज्ञांची माहिती ठरावीक शीर्षकांखाली दिलेली असून त्यांपैकी एक शीर्षक 'दोष' असे आहे. आपली निर्मिती कोठे उणी पडते हे निर्मात्यानेच पुस्तिकेत नोंदवावे, ही प्रथा तेथून पुढे चालत आली. शुद्धिपत्र ग्रंथाच्या शेवटी चिकटविण्याऐवजी संहितेच्या अंगातच सामावून घेण्याचा हा प्रकार होय.

दुसरे उदाहरण डोनाल्ड नूथ यांचे. १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली, तेव्हा अक्षरजुळणीचा दर्जा पाहून ते इतके असमाधानी झाले, की त्यांनी 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली स्वतःच रचावयास घेतली. एका मोठ्या आज्ञावलीचा जन्म मुद्रिते तपासताना झाला, ही गोष्ट मुद्रितशोधनाला दुय्यम मानणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या ग्रंथांतील चूक प्रथम दाखविणाऱ्यास नूथ २ डॉलर ५६ सेंट देत. टेकच्या आज्ञावलीतील चुकीसाठीची रक्कम वाढत वाढत ३२७ डॉलर ६८ सेंटांवर स्थिरावली. पुष्कळांनी हे धनादेश वटविले नाहीत, जपून ठेवले. २००८ पासून धनादेशाऐवजी एका काल्पनिक पेढीचे प्रमाणपत्र देण्यात येऊ लागले, तरीही त्याचे मोल उणावले नाही. १९८९ साली नूथ यांनी टेकमधील चुकांचा वृत्तान्त वर्गवारीसह प्रसिद्ध केला. चूक लपविण्याची नव्हे, अभ्यासण्याची वस्तू आहे, ही वृत्ती त्यामागे दिसते.

चुका शोधण्याचे काम निर्मितीच्या किती जवळ जाते, हे लिनक्सच्या माहितीपृष्ठांवरून कळते. २००४ पासून दीर्घकाळ या पृष्ठांचे संपादन मायकेल केरिस्क यांनी केले. पृष्ठावर जे लिहिले आहे तसेच यंत्र वागते काय, हे लहान लहान चाचणी-आज्ञावली लिहून पडताळताना प्रणालीतीलच काही दोष उघडकीस आले. वाक्य तपासता तपासता वस्तूच तपासली गेली. 'ओपनबीएसडी' या प्रकल्पात तर पुस्तिकेतील चूक ही आज्ञावलीतील चुकीइतकीच गंभीर मानण्याची परंपरा आहे. तीच योग्य भूमिका म्हणावयास हवी.

तथापि शोधकाचे खरे कौशल्य चूक दिसताक्षणी पुसण्यात नसते. महाजालावरील संदेशवहनाचे नियम सांगणाऱ्या १९९६ सालच्या दस्तऐवजात 'रेफरर' या इंग्रजी शब्दातील मधला 'आर' हा वर्ण दोनदा यावयास हवा असता एकदाच आला आहे. तोवर ती अशुद्ध जोडणी आज्ञावलींत रुजली होती; आजही जगभरची यंत्रे ती तशीच वापरतात. युनिक्समध्ये 'क्रिएट' या शब्दातील अंत्य 'ई' गाळलेली आज्ञा आहे. हे शब्द जो 'शुद्ध' करील तो वाचकाला निरुपयोगी आज्ञा देईल. म्हणजे येथेही जुन्या पोथीच्या संपादकासारखाच विवेक लागतो: लेखनिकाचा प्रमाद कोणता, आणि अपरिचित वाटला तरी राखावयाचा मूळ पाठ कोणता?

या संदर्भात एकनाथांचे स्मरण अपरिहार्य आहे. पाठांतरामुळे व प्रतींमागून प्रती होत गेल्यामुळे ज्ञानेश्वरीची संहिता बिघडली होती. ती त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली शुद्ध केली. शुद्धी संपविताना त्यांनी जो इशारा दिला तो अशुद्धीविरुद्ध नव्हता; स्वतःच्या ओव्या रचून ग्रंथात घालणाऱ्यांविरुद्ध होता. अशुद्ध पाठापेक्षा प्रक्षेप अधिक घातक, हे त्यांनी ओळखले होते. अशुद्ध पाठ निदान डोळ्यांना खुपतो. प्रक्षेप मात्र सुधारणेचा वेष घेऊन येतो.

या इशाऱ्याची सत्यता ऑक्टोबर २०२० मध्ये वेगळ्याच क्षेत्रात प्रत्ययास आली. 'हॅक्टोबरफेस्ट' या वार्षिक उपक्रमात मुक्त प्रकल्पांना चार बदल सादर करणाऱ्यास टी-शर्ट देण्याची योजना होती. परिणामी असंख्य प्रकल्पांच्या माहितीपत्रांत निरर्थक बदलांचा पूर आला. कोणी शीर्षकात एखादे स्तुतिपर विशेषण घातले, कोणी विनाकारण एक शब्द बदलला. हे बदल नाकारण्यातच प्रकल्पांच्या चालकांचा वेळ गेला. अखेर, ज्या प्रकल्पांची संमती असेल तेवढेच उपक्रमात धरावेत, असा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला. नूथ यांचे पारितोषिक आणि हे पारितोषिक यांत रकमेचा फरक गौण आहे. एक खऱ्या चुकीसाठी होते, दुसरे बदलांच्या संख्येसाठी. पहिल्याने शोधक घडविले, दुसऱ्याने प्रक्षेपकार.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की किरकोळ दुरुस्त्या स्वीकारूच नयेत. हा निष्कर्ष उतावळा ठरेल. एका अनुस्वाराची दुरुस्ती लहान असेल. पण तो अनुस्वार एकवचनाचे अनेकवचन करीत असेल, तर ती क्षुल्लक नाही. दुरुस्तीचे मोल तिच्या आकारावरून नव्हे, तिच्या आधारावरून ठरावे. असा आधार नोंदविण्याची जी सोय या क्षेत्रात आहे ती पोथ्यांच्या संपादकांना कधीच लाभली नाही. २००५ साली निर्माण झालेल्या 'गिट' या प्रणालीत प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कोणते कारण देऊन केला, हे कायम राहते. जुना पाठही नष्ट होत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी जे पाठभेद दशकानुदशके श्रम करून गोळा केले, तसे पाठभेद येथे आपोआप जमत जातात. ते वाचणारा चिकित्सक तेवढा हवा.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, नोम यांचे मराठी अनुवाद स्वयंसेवकांच्या व काही संस्थांच्या श्रमांतून झाले आहेत. या श्रमांविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते, की अनुवाद करणारे हात थोडे आणि तो तपासणारे त्याहून थोडे आहेत. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या १४ आणि १९७२ च्या ४ नियमांनी ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय होतो. पण यादीतून वगळणे आणि कायमचे नष्ट करणे या दोन भिन्न क्रियांसाठी 'काढून टाका' हा एकच शब्द आला, तर कोणताही नियम वाचकाला वाचवीत नाही. तेथे अर्थच्छटा जाणणारा, आज्ञार्थाची रूपे तोलून वापरणारा, एका संज्ञेला एकच प्रतिशब्द अखेरपर्यंत राखणारा भाषाभ्यासक लागतो. असे अभ्यासक मराठी विभागांत घडतात, किंबहुना घडावयास हवेत.

हे वाङ्मयाच्या विभागाचे काम नव्हे, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्ञानेश्वरीची शुद्धी जर मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना असेल, तर संहिता शुद्ध राखणे हे वाङ्मयाचेच कार्य ठरते. संहितेचा विषय अध्यात्म असो की यंत्र. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मुद्रितशोधन शिकविताना विद्यार्थ्यांना एखाद्या मुक्त प्रणालीच्या मराठी पुस्तिकेतील काही पृष्ठे द्यावीत, प्रत्येक दुरुस्तीला कारण लिहावयास लावावे आणि मूल्यमापन दुरुस्त्यांच्या संख्येवर नव्हे, त्या कारणांवर करावे. जेथे हात लावावयाचा नाही ते स्थळ ओळखणाऱ्यासही गुण द्यावेत. असे झाले तर शेतमालाचे हिशेब किंवा शाळेच्या गुणपत्रिका मराठीतून संगणकावर करू पाहणाऱ्या वाचकाला विश्वासाने वाचता येईल अशी पुस्तिका मिळेल. आज ती नसल्यामुळे तो इंग्रजीकडे वळतो, आणि मराठीला हे विषय पेलत नाहीत, असा ठपका मात्र भाषेवर येतो.