गुंठ्याला भाव, चाळीला काय?

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावाविषयी आपल्याकडे लिहिले-बोलले जाते ते बहुधा दोनच सुरांत. एक सूर हळहळीचा: कंपनीचा भोंगा, साहेबांचे बंगले, धुराडे, आणि आता सगळे भकास. दुसरा सूर दलालाचा: शिर्डीला विमानतळ आला (२०१७), समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला (डिसेंबर २०२२), तेव्हा आसपास गुंठा घेऊन ठेवा, सोन्यासारखा वाढेल. दोन्ही सुरांत तथ्य आहे. पण चाळीत आजही चूल पेटवणारा माणूस दोघांनाही दिसत नाही, आणि हा निव्वळ योगायोग आहे असे मानायला प्रस्तुत लेखक तयार नाही.

इतिहास थोडक्यात असा. प्रवरेचे पाणी कालव्यांतून खाली आले, १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, आणि बेलापूर कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन उसाचे मळे उभे केले. १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला. कारखान्यांकडच्या या जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६३ साली त्यांच्यासाठी शेती महामंडळ स्थापन झाले. पुढे हरेगावचा कारखाना बंद पडला, महामंडळाची शेतीही आटत गेली. खंडकऱ्यांनी काही दशके लढा दिला आणि २०१२पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. ते न्याय्यच होते. मालकाजवळ सातबाऱ्याची आठवण होती, खंडाचा करार होता. न्याय मागायला काहीतरी कागद लागतो, तो त्याच्यापाशी होता.

मजुरापाशी काय होते? हजेरी. खोली हजेरीबरोबर आली, आणि हजेरी संपली तेव्हा माणूस खोलीत राहिला खरा, पण पाहुण्यासारखा. डिसेंबर १९३९ मध्ये याच हरेगावात डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार वतनाच्या प्रश्नावर परिषद भरली होती. वतन म्हणजे चाकरीच्या बदल्यात जमीन. कंपनीची खोली म्हणजे चाकरीच्या बदल्यात छप्पर. या दोन गोष्टींतले नाते आपल्या समीक्षकांना सुचू नये, याचे नवल वाटते.

इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील कोळसागावांशी तुलना केली तर प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. तिथे १९५१च्या विकास आराखड्यात शंभराहून अधिक गावांना ‘ड’ वर्ग देण्यात आला. म्हणजे या गावांवर यापुढे पैसा खर्च करायचा नाही, ती हळूहळू विझू द्यायची. खाणी बंद होत गेल्या, कोळसा मंडळाने आपली घरे विकली. काही राहत्या कामगारांनी घेतली, बरीच खासगी घरमालकांच्या हाती गेली. ज्याने घर घेतले त्याच्या हाती मालकीचा कागद आला, पण खाण गेलेल्या गावात त्या घराला किंमत उरली नाही. आपल्याकडे नेमके उलटे घडले. खालच्या जमिनीला भाव चढत गेला, आणि वर राहणाऱ्याच्या नावावर काहीच नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर मालक म्हणून नाव नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. घर विकता येत नाही, म्हणून दुसरीकडे घेता येत नाही. भिंत पडली तर बांधावी की नाही हाही प्रश्नच, कारण उद्या उठवले तर विटांचे पैसे कोण देणार? घरासाठी जागा नावावर करून द्या, ही या कामगारांची मागणी जुनी आहे. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना ‘घर स्वतःचे का?’ असा साधा प्रश्न येतो आणि बाप चहाच्या कपाकडे पाहतो. घराचा भाव म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्या क्षणात अधिक कळते.

आता आपल्या अंगणात येऊ. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ असे दोन कप्पे आहेत. ग्रामीण म्हणजे शेत, विहीर, बैल, दुष्काळ. नागर म्हणजे चाळ, गिरणी, लोकल. मग ज्या खेड्यात चाळ आहे, भोंगा आहे, पाळी आहे आणि उसाचे शेतही आहे, त्याचे काय करायचे? गिरणगावाला जयंत पवारांचे ‘अधांतर’ मिळाले. या जिल्ह्याच्या सत्ताकारणाला रंगनाथ पठारे यांचा ‘ताम्रपट’ मिळाला. हरेगावच्या किंवा टिळकनगरच्या खोलीला काय मिळाले, हे वाचकांनी आठवून पाहावे. सहज आठवत नसेल तर दोष केवळ लेखकांचा नाही. ‘ग्रामीण जीवनाचे दर्शन’ अशा प्रश्नाला दहा गुण ठेवणाऱ्या आपणा मास्तरांचाही आहे. आपण बांध शोधायला शिकवतो. भाडेपावती वाचायला शिकवत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल: साहित्याने सातबारे तपासायचे काय? तपासावेत. मराठी कादंबरीत बांधावरून खून पडतात, वाटणीवरून भाऊ दुरावतात, ते सगळे जमिनीच्या कागदांचेच तर नाट्य आहे. कागद असणाऱ्यांच्या भांडणाला आपण शोकात्मिका म्हणतो आणि कागदच नसणाऱ्यांच्या जगण्याला ‘समाजशास्त्रीय विषय’ म्हणून दुसऱ्या विभागाकडे पाठवतो. हा भेद कोणत्या सौंदर्यशास्त्रात बसतो ते कुणीतरी एकदा सांगावे. दरम्यान, सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला हरेगावात गर्दी होते. त्या गर्दीबरोबर एखाद्या वर्गाने तिथे जावे, आणि देवळापाशी न थांबता चाळींच्या रांगांपर्यंत चालत जावे.