पंधरा दिवसांत नवं कसब?

27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं आणि मुंबईत मरोळशेजारच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिने कारखानदारांचे धाबे दणाणले. इथला मोठा ग्राहक अमेरिकाच. चर्चा झाली ती ऑर्डरींची. कारागिराचं घरभाडं आणि मुलांची फी तिच्यात फारशी आली नाही.

सीप्झला बदल नवा नाही. 1973 मध्ये हा पट्टा इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभा राहिला. हिरे-दागिने आले ते ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. कामाची रीतही पालटली. पूर्वी दागिन्याचा नमुना हाताने घडवला जाई. आता तो संगणकावर रेखला जातो आणि यंत्र तो मेणात उतरवून देतं. मग भिंगाखाली, चिमट्याने, त्या मेणातच बारीक हिरे एकेक करून बसवायचे आणि नंतर ओतकाम. वर्षानुवर्षं हाताने नमुने घडवलेल्या माणसाला माउस धरायला सांगितलं, की ‘मी कारागीर’ ही ओळखच डळमळते. पण खडा कुठे नीट धरेल आणि कोंदण कुठे कमजोर पडेल, हे त्याच्या डोळ्यांना आधी दिसतं. नुसतं सॉफ्टवेअर शिकून ती नजर येत नाही.

मानसिक लवचिकता म्हणतात ती इथे कामाला येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेला आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेला विवेकनिष्ठ विचार नेमकी तीच शिकवतो. जुनं काम टिकावं असं वाटणं रास्तच आहे. ते टिकलंच पाहिजे, नाहीतर मी संपलो, हा हट्ट मात्र माणसाला जागचा हलू देत नाही. लवचिक होणं म्हणजे मान तुकवणं नव्हे. मनात भीती असतानाही मोलाचं जपत पुढचं पाऊल टाकता येणं, ही ती लवचिकता.

पण त्या पावलाखाली जमीन हवी. इथून जवळच, सहार विमानतळ रस्त्यावर मुख्यालय असलेली विमान कंपनी जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी थांबली. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, पगार थकले, आणि कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो 7 नोव्हेंबर 2024 रोजी. साडेपाच वर्षं हक्काच्या पैशांची वाट पाहणाऱ्याला ‘सकारात्मक राहा’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. चांगली गोष्ट. नुकसानभरपाई वेगळी, या निधीतून मिळतो पंधरा दिवसांचा पगार, तोही कपातीनंतर 45 दिवसांच्या आत. शिवाय महिन्याला 18 हजारांहून जास्त पगार घेणारा सुपरवायझर ‘कामगारा’च्या व्याख्येतच बसत नाही.

दागिना संगणकावर रेखायला पंधरा दिवसांत कोणी शिकत नाही. निधीतली ही रक्कम किमान तीन महिन्यांच्या पगाराइतकी करावी, सुपरवायझरलाही निधीच्या कक्षेत घ्यावं, आणि सीप्झ व मरोळ एमआयडीसीतल्या कारखानदारांनी पाळी सुटल्यावरचे प्रशिक्षणवर्ग नोकरी जाण्याआधीच, पगार चालू असताना सुरू करावेत.