रेंजवरून : वॉरंटी कार्डावर आहे, कोल्हापुरात नाही

25 जुलै 2021. टोकियो ऑलिंपिक, महिलांच्या 10 मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी. 60 नेम, 75 मिनिटे. ऐन फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बंद पडला. दुरुस्तीत जवळपास वीस मिनिटे गेली. गुण 575, क्रमांक बारावा. अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनी हुकली. पुढे पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके जिंकली; पण अशी दुसरी संधी सगळ्यांनाच मिळते असे नाही.

त्या दिवसाची आठवण मला घरच्या अनुभवाने झाली. पुतणीच्या एअर पिस्तुलातून हवा गळू लागली. निवड चाचणी तीन आठवड्यांवर. पिस्तूल वॉरंटीत होते, म्हणून डीलरला फोन केला. तो म्हणाला, "पिस्तूल दिल्लीला पाठवा." पाठवल्यावर कळले, सील हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत बसत नाही आणि परदेशातून यायचा आहे. पिस्तूल परत आले तेव्हा चाचणी होऊन गेली होती. पोरगी रोज भिंतीसमोर रिकामा हात धरून उभी राहायची. ते बघवत नव्हते.

आपले कोल्हापूर नेमबाजांचे गाव आहे. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून कांस्य आणले. त्यांच्याकडे बघून शेकडो मुले रेंजवर येतात. घरचे लोक पै-पै साठवून पिस्तूल घेतात आणि एका रबरी सीलपायी मोसम वाया जातो.

म्हणून पालकांना कळकळीने सांगतो, किमतीआधी सेवा विचारा. दुरुस्ती कुठे होते? सुटे भाग देशात आहेत का? वॉरंटीत काय धरलेले नाही? उत्तरे लेखी घ्या, बिल जपा. हवेच्या सिलिंडरवरची मुदत बघा. ती संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. पिस्तूल घरी खोलू नका, वॉरंटीवर पाणी पडेल. .22 पिस्तूल असेल तर दुरुस्तीही परवानाधारकाकडेच करावी लागते, तो कायदा आहे. आणि विक्रेता दाद देत नसेल, तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही.

पण एकट्या पालकाने किती झगडावे? जिल्हा संघटनेने आणि क्रीडा खात्याने आयातदारांना एकत्र बोलवावे. वर्षातून दोनदा, राज्य स्पर्धेच्या आधी, त्यांचा कारागीर सील, स्प्रिंगा आणि ट्रिगरचे भाग घेऊन कोल्हापुरात बसला पाहिजे. इतकी पिस्तुले इथे विकली जातात. एवढे मागायचा आपला हक्क आहे. आपल्या पोरांचा नेम चुकला तर ती सरावाने सुधारतील. पिस्तूल अडले तर ते कुणी सुधारायचे, हे मोसम सुरू होण्याआधी ठरू दे.