हिरवी फांदीही आणा

आंब्याचा हंगाम आटोपला की बागायतदार वाळक्या फांद्या पिशवीत घालून तपासणीला घेऊन येतात. चाकूने साल खरवडली की आतले लाकूड तपकिरी पडलेले दिसते. त्याचे तुकडे निर्जंतुक करून बटाट्याच्या अगरवर ठेवले, तर दोन-तीन दिवसांत पांढरट बुरशी अख्खी बशी व्यापते, मग करडी आणि शेवटी काळी होते. अहवालात नाव पडते लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी. खाली बुरशीनाशकाची शिफारस येते आणि विषय संपतो.

मला हे अपुरे वाटते, कारण त्याच झाडाची हिरवीगार फांदी कुणी तपासलेलीच नसते. तीही तपासली, तर पुष्कळदा हीच बुरशी तिथेही निघते, आणि एकटी नाही, इतर चार-सहा बुरश्यांच्या सोबतीने. झाडाच्या आत त्यांची वस्तीच असते. मग निव्वळ बुरशी सापडली एवढ्यावर तिला मारेकरी कसे ठरवायचे?

ऑस्ट्रेलियात जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवून दिले, की फळ देठाकडून कुजवणाऱ्या, म्हणजे देठकुजीच्या, बुरश्याही अशाच मोहोर फुटण्याआधीपासून फांदीत असतात. मोहोर वाढतो तशा त्या त्याच्या दांड्यातून पुढे सरकतात आणि फुलोऱ्यानंतर काही आठवड्यांत फळाच्या देठाशी पोचतात. फळ कच्चे असेपर्यंत गप्प राहतात. आढीत फळ पिकू लागले, की देठाभोवती तपकिरी कडे उमटते. पेटी उघडल्यावर दिसणारी कूज बागेतूनच आलेली असते. फळाच्या सालीवर कितीही फवारले तरी देठाच्या आत बसलेल्या बुरशीला ते पुरते पोचत नाही.

फांदीचेही तसेच. झाडाला पाण्याचा ताण पडला, उन्हाने साल भाजली, छाटणीची जखम उघडी राहिली, की इतके दिवस निमूट असलेली बुरशी लाकूड खाऊ लागते. कोकणात कातळात सुरुंग लावून केलेल्या बागांत मुळांना माती थोडी, त्यामुळे ताण लवकर जाणवतो. अशा बागेत फांद्या वाळताना दिसल्या, तर मी आधी मुळाशी किती ओल आहे ते पाहीन, औषधाचा डबा नंतर उघडीन.

मेलेली फांदी निरोगी लाकडापर्यंत मागे येऊन कापा, बागेत पडू न देता जाळा आणि कापावर लगेच बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. तपासणीला येताना वाळकीबरोबर त्याच झाडाची एक हिरवी फांदीही आणा. तपासणाऱ्यांनीही अहवालात दोन्हींचे निष्कर्ष शेजारी-शेजारी लिहावेत.